रिदम गेम खेळताना नजर कुठं ठेवायची: एका टिकलीचा उपाय

माझ्या लॅपटॉपच्या काळ्या चौकटीवर, पडद्याच्या डाव्या कडेला, एक मरून टिकली चिकटवलेली आहे. घरी आलेलं प्रत्येक जण ती खरवडायला बघतं. आरशावर टिकल्या चिकटवून ठेवायची सवय आपल्याकडं घरोघरी असते, तिथनंच ही चुकून इकडं आली असेल असं त्यांना वाटतं. पण ही टिकली मोजून लावलेली आहे. ओसू मेनिया हा गाण्याच्या ठेक्यावर कळा दाबायचा गेम. त्यात चार उभ्या पट्ट्यांतून, म्हणजे लेनमधून, नोट्स नावाचे ठोकळे खाली येतात. नोट ज्या रेघेवर आली की कळ दाबायची असते, त्या खालच्या रेघेपासून सहा सेंटिमीटर वर. गेम सुरू झाला की माझी नजर त्या उंचीवर जाते आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहते.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा कोल्हापूरला आला होता. तो फ्रायडे नाइट फंकिन हा असाच दुसरा गेम खेळतो. माझ्या खुर्चीमागं उभा राहून त्यानं तीन गाणी बघितली आणि मग विचारलं, "मावशी, तू बघतीस तरी कुठं?"

मला फार आनंद झाला. बाकी सगळे बोटांबद्दल विचारतात. बोटं एवढी भरभर कशी चालतात, मनगट दुखत नाही का, कीबोर्ड कुठला. बोटं सरावानं आपोआप येतात. नजर मात्र आपोआप येत नाही, ती ठरवून ठेवावी लागते, आणि ते कुणी सांगत नाही. मी स्वतः जवळजवळ दीड वर्ष एकाच पातळीवर अडकून राहिले होते, ते केवळ डोळ्यांमुळं. म्हणून भाच्याला जे समजावलं, तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी स्वतःचे डोळे बघा

आपण खेळताना कुठं बघतो हे आपल्याला माहीत नसतं. माहीत आहे असं वाटतं, पण ते खरं नसतं. मोबाइल लॅपटॉपच्या पडद्याला खालून टेकवून उभा करा, पुढचा कॅमेरा चालू करा आणि तुम्हाला थोडं जड जाणारं एक गाणं खेळा. सोपं गाणं नको, त्यात डोळे शहाण्यासारखे वागतात. मग तो व्हिडिओ हळू करून बघा.

मी माझा बघितला तेव्हा बुबुळं रहाटासारखी वरखाली होत होती. एक नोट वरून दिसली की डोळा तिला धरून खालपर्यंत सोडायला जायचा, मग उडी मारून वर, पुढची धरायची, परत खाली. गर्दी वाढली की तो वर जायचंच बंद करायचा आणि रेघेपाशी बसून राहायचा. नेमकं तिथंच माझं कॉम्बो, म्हणजे न चुकता लागलेल्या नोट्सची माळ, तुटत होतं.

यात दोन वेगळे दोष आहेत. एक, रेघेकडं बघत बसणं. दोन, नोटचा पाठलाग करणं. दोन्ही आपल्याला अगदी नैसर्गिक वाटतात, कारण जिथं काम करायचं तिथं बघायचं हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. सुईत दोरा ओवताना सुईकडं बघायचं, खिळा ठोकताना खिळ्याकडं. इथं मात्र ते चालत नाही, आणि का चालत नाही ते साध्या हिशोबानं कळतं.

१५० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांचं, गाणं घ्या. एक ठोका म्हणजे ०.४ सेकंद. त्याचे चार भाग पाडून नोट्स सलग आल्या, म्हणजे ज्याला खेळणारे स्ट्रीम म्हणतात, तर दर ०.१ सेकंदाला एक नोट. आता डोळ्यानं काही दिसलं आणि त्यावर बोट हललं, या दोन्हींत साधारण पाव सेकंद जातो. चार कळांतली कुठली दाबायची हे ठरवायचं असेल तर आणखी थोडा. म्हणजे रेघेवर नोट बघून तुम्ही कळ दाबायला जाल तोवर मागच्या दोन-तीन नोट्स निघून गेलेल्या असतात. रेघेवर जे दिसतं ते झालेलं असतं. तिथं वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पाठलागाचं नुकसान वेगळं आहे. डोळा एका ठिकाणाहून दुसरीकडं उडी मारतो तेव्हा त्या उडीपुरतं मेंदू चित्र दाबून टाकतो. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर उभं राहा आणि आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडं, मग उजव्या डोळ्याकडं बघा. डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. गाण्यात असं तुम्ही मिनिटाला पन्नास-साठ वेळा करत असाल तर तेवढे तुकडे तुम्ही न बघताच खेळताय.

टिकली कुठं लावायची

आता प्रत्यक्ष काम. माझे आकडे देते, तुमचे थोडे वेगळे येतील.

माझा पडदा १५.६ इंची आहे आणि मी त्यापासून साधारण ५७ सेंटिमीटरवर बसते. (हा आकडा मुद्दाम निवडलाय. या अंतरावर पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे डोळ्याच्या हिशोबानं एक अंश, त्यामुळं मोजायला सोपं जातं.) नोट वरून दिसायला लागल्यापासून रेघेपर्यंत सुमारे १६ सेंटिमीटर येते, आणि माझ्या स्क्रोल स्पीडला, म्हणजे नोट्स खाली येण्याच्या वेगाला, ते अंतर कापायला तिला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे रेघेपासून सहा सेंटिमीटर वर असलेली नोट अजून जवळजवळ ०.१९ सेकंदांनी दाबायची आहे. वर सांगितलेल्या पाव सेकंदाच्या हे अगदी जवळ आहे. थोडी कसर राहते ती गाण्याचा ठेका भरून काढतो, कारण नोट कधी येणार हे कानांना आधीच माहीत असतं. डोळ्यांनी फक्त कुठली येणार एवढंच सांगायचं असतं.

तेव्हा सुरुवात अशी करा. नोट जेवढं अंतर खाली येते त्याचे तीन भाग करा. खालून पहिला भाग संपतो तिथं, चौकटीच्या कडेला टिकली लावा. पडद्यावर नको, चौकटीवरच. टिकली पाकिटातली सगळ्यात लहान घ्या. ती बघायची नसते, ती फक्त उंची सांगते. नजर ठेवायची ती त्या उंचीवर, पण लेनच्या बरोबर मध्यावर. चार कळांच्या खेळात दुसऱ्या आणि तिसऱ्या लेनच्या मधल्या रेघेवर.

पहिले दोन दिवस टिकली तिथंच राहू द्या. मग रोज अर्धं बोट वर सरकवा. एका उंचीला पोचलात की एकदम जाणवेल, नोट्स वाचता येतायत पण बोटं लवकर पडतायत, ठोका येण्याआधीच. तिथून एक बोट खाली या. ती तुमची जागा. माझी एक-तृतीयांशाच्या किंचित वर आली. माझ्या ओळखीत एक जण जवळजवळ निम्म्यावर बघतो आणि माझ्याहून कितीतरी सरस खेळतो.

या पहिल्या आठवड्यात स्कोअर पडतो. माझी अ‍ॅक्युरसी ९५ वरून ८८ वर आली होती आणि मी दोनदा टिकली काढून टाकली, दोनदा परत लावली. रेघेवर नोट आणि बोट यांची गाठ पडताना बघायची डोळ्याला सवय असते. ते दिसेनासं झालं की आधार सुटल्यासारखं होतं. त्यासाठी एक उपाय आहे, तो मला टायपिंगच्या क्लासनं शिकवला.

मी दिवसभर एका वकिलांकडं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करते. परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा द्यायला क्लास लावला होता, तेव्हा आमचे सर मुलींच्या हातांवर रुमाल टाकायचे. "कागदावर बघ. बोटांना त्यांचं घर माहिताय." एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यावर तर्जन्या टेकल्या की खाली बघायचं कारणच राहत नाही. आणि नंतर वेग वाढायला लागला तेव्हा ते म्हणायचे की बोटं ज्या शब्दावर आहेत त्याच्या पुढच्या शब्दावर डोळा पाहिजे. हार्मोनियमवर किंवा पियानोवर नोटेशन बघून वाजवणारे हेच करतात. हात मागं, डोळा पुढं. ओसू मेनियाच्या चार कळासुद्धा डी, एफ, जे, के. त्याच घरातल्या. इतकी वर्षं जे मी ऑफिसात बिनचूक करत होते तेच संध्याकाळी गेममध्ये विसरत होते.

तर रुमालाच्या जागी मी जुनी लग्नपत्रिका वापरली. जाड कागद असतो, वाकत नाही. ती पडद्याच्या खालच्या भागावर अशी टेकवली की रेघ आणि तिच्यावरचे दोन सेंटिमीटर झाकले जातील. आता रेघेकडं बघायची सोयच नाही. पहिलं गाणं सोपं घ्या, अगदी डोळे मिटून येईल असं. तीन-चार दिवसांत बोटं कानाचं ऐकायला लागतात. ओसू मेनियात हेच काम हिडन नावाचा मॉड करतो, नोट रेघेजवळ आली की नाहीशी होते. मला तरी पत्रिका जास्त आवडते, कारण ती किती वर-खाली करायची ते माझ्या हातात राहतं.

वेग वाढवला की सोपं जातं

नवीन माणसाला हे पटत नाही, म्हणून याच्यावर थोडी जास्त थांबते.

अवघड गाणं आलं की नवखा खेळाडू स्क्रोल स्पीड कमी करतो. हळू येऊ देत, म्हणजे दिसतील. पण गाण्याचा वेग तोच असतो. स्क्रोल कमी केलं तर नोट्स पडद्यावर जास्त वेळ राहतात, म्हणजेच एका वेळी जास्त नोट्स पडद्यावर असतात, एकमेकींना चिकटून. वरचंच १५० बीपीएमचं उदाहरण घ्या. माझ्या अर्ध्या सेकंदाच्या वेगाला लागोपाठच्या दोन नोट्समध्ये ३.२ सेंटिमीटर अंतर पडतं. तोच वेग निम्मा केला, नोट यायला एक सेकंद लागू दिला, की अंतर १.६ सेंटिमीटर. नोटची स्वतःची जाडी जवळजवळ एक सेंटिमीटर. मधे राहिलं काय?

आता डोळ्याचं बघा. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढा भाग, साधारण दोन अंश, एवढंच आपल्याला खरोखर बारीक दिसतं. माझ्या बसण्याच्या अंतरावर ते पडद्यावर दोन सेंटिमीटर होतात. चार लेन मिळून माझ्या पडद्यावर सहा सेंटिमीटर रुंद आहेत. म्हणजे मधल्या दोन लेनचा बराचसा भाग सोडला तर सगळं डोळ्याच्या कडेनंच वाचायचं असतं. कडेच्या नजरेला हालचाल चांगली कळते, पण गर्दी सोसत नाही. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोवा आणि न हलवता तिथून चौथा शब्द वाचून बघा. तिथं अक्षरं आहेत हे दिसतं, कुठली ते सांगता येत नाही. तोच शब्द एकटा, मोकळ्या जागेत असता तर कदाचित वाचता आला असता. नोट्सचंही तसंच. त्यांच्यात मोकळी जागा सोडली की कडेची नजर त्यांना सुटं करू शकते.

म्हणून वेग वाढवा, पण एका वेळी एकच पायरी. ओसू मेनियात एफ ३ नं कमी होतो, एफ ४ नं वाढतो. आणि वेग वाढवला की टिकली वर गेली पाहिजे हे विसरू नका. नोटला खाली यायला अर्ध्या सेकंदाऐवजी ०.४ सेकंद लागत असतील तर सहा सेंटिमीटर म्हणजे फक्त ०.१५ सेकंद. पूर्वीएवढा अवधी हवा असेल तर टिकली साडेसात सेंटिमीटरच्या आसपास पाहिजे. अंतर सेंटिमीटरमध्ये पाठ करू नका, वेळात पाठ करा.

जपानच्या आर्केडमधल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखलेलं आहे. कोनामीचा बीटमॅनिया टूडीएक्स १९९९ मध्ये आला, सात कळा आणि एक फिरती तबकडी. त्यात सडन प्लस नावाचा एक पडदा वरून खाली ओढता येतो, त्यामुळं नोट्स वरच्या भागात दिसतच नाहीत. आणि नोट किती वेळ दिसणार हे सांगणारा एक हिरवा आकडा असतो. तो ३०० असेल तर अर्धा सेकंद. खेळणारे प्रत्येक गाण्याआधी पडदा आणि वेग जुळवून आपला हिरवा आकडा तोच ठेवतात. मला हे कळलं तेव्हा वाटलं, माझ्या टिकलीची ही थोरली बहीण. वरचा भाग झाकला की नजर भटकायला जागाच उरत नाही. तुमच्या गेममध्ये असा पडदा असेल तर जरूर वापरा. स्टेपमेनिया नावाच्या गेममध्ये सी-मॉड ही सोय लावली की गाण्यातला बीपीएम बदलला तरी स्क्रोलचा वेग बदलत नाही, तेही याच कामाचं.

बघायचं कसं

जागा ठरली, पण त्या जागी टक लावून बघितलं तर उपयोग नाही. डोळे थोडे सैल सोडायचे. घाटात गाडी चालवताना आपण बॉनेटकडं बघत नाही, पुढच्या वळणाकडंही डोळे फाडून बघत नाही. रस्ता, कठडा, समोरची एसटी, सगळं एका नजरेत धरून ठेवलेलं असतं. तशी नजर.

आणि वाचायचं ते एकेक नोट नाही. पहिलीतलं मूल 'क्ष' बघून थांबतं, आपण थांबत नाही. आपण तर अख्खा शब्द एका दमात उचलतो. नोट्सचेही शब्द असतात. डावीकडून उजवीकडं उतरणारा जिना, एकाच लेनमध्ये लागोपाठ येणाऱ्या नोट्स म्हणजे जॅक, दोन किंवा तीन एकदम पडणाऱ्या म्हणजे कॉर्ड. कॉर्ड मोजू नका, तिचा आकार ओळखा. सुरुवातीला मी वहीत चार रकाने पाडून दोन नोटांच्या सहाही जोड्या काढल्या होत्या आणि कुठली बोटं एकदम पडतात ते शेजारी लिहिलं होतं. बाळबोध वाटेल, पण दोन दिवसांत फरक पडला.

लांब नोट्स ही नजरेची सगळ्यात मोठी फसवणूक. कळ दाबून धरायची असते आणि शेपूट संपलं की सोडायची. ते शेपूट डोळ्याला हाताला धरून रेघेपर्यंत घेऊन जातं आणि तोवर बाकीच्या लेनमधलं सगळं निसटतं. शेपटाचं टोक टिकलीच्या उंचीवरून गेलं की तिथंच त्याला सोडा, पुढचं कानावर सोपवा. लांब नोट बहुतेक वेळा गाण्यातल्या लांब स्वराशी जोडलेली असते, स्वर संपतो तिथं बोट उचलायचं.

पडद्यावरचं बाकी सामान आवरून घ्या. पार्श्वभूमीचं चित्र पूर्ण काळं करा, व्हिडिओ बंद. नोट्सची साधी, एकसारख्या आकाराची स्किन निवडा, आतल्या आणि बाहेरच्या लेनना वेगळे रंग. कॉम्बोचा मोठा आकडा आणि दर दाबण्याला उमटणारे शब्द लेनच्या मधोमध नाचत असतील तर ते लहान करा किंवा बाजूला न्या. भाच्याच्या गेममध्ये तर मधोमध गाणारी पात्रंच असतात आणि बाण कडेला. त्याचा डोळा पात्रांकडं जाणारच. पात्रं फार सुंदर आहेत, ती गाणं संपल्यावर बघ असं त्याला सांगितलं.

चूक बघून जागा ओळखा

गाणं संपल्यावर किती चुका झाल्या यापेक्षा कशा झाल्या ते बघा. एकट्या-दुकट्या नोट्स छान लागतात पण गर्दी आली की सहा-सात एकदम मिस होतात, तर नजर फार खाली आहे. सगळ्या नोट्स लागतात, मिस जवळजवळ नाही, पण वेळ ढिली पडते, काही आधी काही नंतर, तर नजर फार वर आहे. एकाच बाजूची कडेची लेन वारंवार चुकत असेल तर नजर मध्यावर नाही, दुसऱ्या बाजूला कललेली आहे. माझी उजवीकडं कलायची. चष्म्याची डावी काडी सैल झाली होती आणि चष्मा तिरका बसत होता, हे नंतर लक्षात आलं. चष्मा असणाऱ्यांनी भिंगाच्या मध्यातून बघता येईल इतका पडदा उंच करावा, कडेच्या भिंगातून रेषा वाकड्या दिसतात.

आणि सगळंच सातत्यानं उशिरा किंवा सातत्यानं आधी पडत असेल, तर तो डोळ्यांचा दोषच नाही. आवाज आणि चित्र जुळलेलं नाही. ब्लूटूथचे इअरफोन असतील तर आधी ते काढा. त्यातून आवाज इतका उशिरा येतो की कान आणि डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागतात, आणि असं झालं की डोळा खात्री करायला परत रेघेकडं धावतो. मी आठवडाभर टिकली सरकवत बसले होते, शेवटी साध्या वायरच्या इअरफोननं प्रश्न सुटला. मग गेमच्या सेटिंगमध्ये ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चित्र यांच्यातला फरक, जुळवून घ्या.

दुसऱ्या खेळांत

तत्त्व तेच, जागा बदलते.

डान्स डान्स रिव्होल्यूशन (कोनामी, १९९८) किंवा कोरियाचा पंप इट अप, म्हणजे मॉलमधल्या गेमझोनमध्ये पायांनी खेळायचं यंत्र असतं तसे. त्यात बाण खालून वर जातात, म्हणून नजर वरच्या रिकाम्या बाणांच्या खाली पाहिजे. पाय हातांपेक्षा सावकाश पोचतात, शिवाय वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं असतं, तेव्हा अंतर चांगलं मोठं घ्या, पडद्याच्या मध्यापर्यंत. पायाकडं बघायचं नाही.

ताइको नो तात्सुजिन हा नामकोचा २००१ चा जपानी ढोलाचा खेळ. नोट्स उजवीकडून डावीकडं येतात. लाल म्हणजे पानाच्या मध्यावर, निळी म्हणजे काठावर. इथं एकच ओळ असल्यानं कडेच्या नजरेवर ताण नाही, पण रंग पक्का कळला पाहिजे, म्हणून नजर डावीकडच्या, नोट आली की ठोकायचं त्या वर्तुळापासून फार लांब नको. मी तीन-चार नोटांच्या अंतरावर ठेवते. पथकात ताशा वाजवलेल्या कुणालाही हा खेळ एका संध्याकाळीत येईल.

गिटार हिरो किंवा क्लोन हिरोमध्ये नोट्स लांबून रस्त्यासारख्या येतात. लांब असताना त्या चिकटलेल्या आणि सावकाश दिसतात, जवळ येताना फाकतात आणि धावतात. अगदी वर बघितलं तर गर्दी, अगदी खाली बघितलं तर उशीर. रस्ता जिथं मोकळा व्हायला लागतो ती मधली जागा पकडा.

साध्या ओसूमध्ये, म्हणजे वर्तुळांवर क्लिक करायचं त्यात, स्थिर जागा नसतेच. तिथं डोळा पुढच्या वर्तुळावर पोचलेला पाहिजे आणि माउसचा ठिपका मागून आला पाहिजे. ठिपक्याकडं बघितलंत तर अडकलात. वर्तुळ किती आधी दिसणार हे एआर नावाचा आकडा ठरवतो. एआर ९ ला वर्तुळ दिसल्यापासून ०.६ सेकंद मिळतात, एआर ५ ला दुप्पट. नवख्यांनी एआर कमी असलेल्या गाण्यांत हीच सवय लावावी.

मोबाइलवर अडचण अंगठ्यांची. खालचा भाग अंगठ्यांनीच झाकला जातो, त्यामुळं रेघेकडं बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. फोन टेबलावर सपाट ठेवून तर्जन्यांनी खेळून बघा, निम्मा त्रास जातो. सायटसमध्ये नोट्स जागेवर असतात आणि रेघ वरखाली फिरते, तिथं नजर रेघेच्या पुढं, ती जिकडं चाललीय तिकडं ठेवा. रेघ वरच्या किंवा खालच्या काठाला पोचायच्या आधी डोळा वळलेला पाहिजे. व्हीआर हेडसेट घालून खेळायच्या बीट सेबरमध्ये ठोकळे तलवारीला लागतात तिथं बघू नका, ते ज्या बोगद्यातून येतात त्यात दूरवर बघा.

डोळ्यांची काळजी

नजर स्थिर ठेवायला लागलात की पापण्या लवायच्या राहून जातात, डोळे कोरडे पडतात. प्रत्येक गाण्याच्या शेवटी मुद्दाम पाच-सहा वेळा डोळे मिटा. वीस मिनिटांनी उठून वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघा. मी गॅलरीत जाऊन समोरच्या नारळाच्या शेंड्याकडं बघते.

आणखी एक गोष्ट होईल, तेव्हा घाबरू नका. तासभर खेळून भिंतीकडं बघितलं की भिंत हळूहळू वर सरकताना दिसते. आंबोलीच्या धबधब्याकडं थोडा वेळ बघत उभं राहिलं आणि मग शेजारच्या खडकाकडं बघितलं तर खडकही असाच वर चढतो. एकाच दिशेची हालचाल सतत बघून डोळ्यांमागची यंत्रणा तिला सरावते, म्हणून थांबलेली वस्तू उलट जाताना वाटते. काही सेकंदांत जातं. मला तर ते झालं की बरं वाटतं, कारण नोट्सच्या मागं पळणाऱ्या डोळ्याला भिंत एवढी सरकताना दिसत नाही, एका जागी थांबलेल्याला दिसते.

टिकली किती दिवस ठेवायची? माझ्या नजरेला आता तिची गरज नाही, पण महिन्याभरानं खेळायला बसले की पहिल्या दोन गाण्यांत डोळा परत खाली घसरतो, तेव्हा ती असलेली बरी. भाचा जाताना माझं पाकीट घेऊन गेला. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, टिकली नीट लागलीय, पण आईनं बघितलं तर चौकटीवर गोंद राहील म्हणून ओरडेल. मऊ फडक्यावर थोडं खोबरेल तेल घेऊन, लॅपटॉप बंद करून, हलकं पुसायचं. गोंद लगेच निघतो.